गिरगावचे नाना : जगन्नाथ शंकरशेट



गिरगावातला कुठलाही पत्ता घ्या, त्यात बहुतेक वेळा जे. एस. एस. रोड येतोच. धोबीतलावाकडून ठाकुरद्वारमार्गे पोर्तुगीज चर्चच्या दिशेने जाणारा हा रस्ता. लग्नाच्या पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर सगळीकडे ही तीन अक्षरं असतात. पण ती उलगडून सांगा म्हटलं की मुलं गप्प होतात, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही. जगन्नाथ शंकरशेट मार्ग असं ते नाव आहे.

नानांची जयंती १० फेब्रुवारीला आणि पुण्यतिथी ३१ जुलैला असते. दोन्ही वेळी शाळेत भाषणासाठी तीच आठ-दहा वाक्यं फिरतात. मुंबईचे शिल्पकार, रेल्वे आणली, शाळा काढल्या, दानशूर होते. चूक त्यात काहीच नाही. पण एवढं ऐकून नाना डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. म्हणून आज मी त्यांची गोष्ट त्यांच्या गावापासून सुरू करते. गाव म्हणजे गिरगाव.

गिरगाव हे खरोखरच गाव होतं, हे आधी मुलांना पटवावं लागतं. मलबार हिलच्या पायथ्याचं गाव, म्हणून गिरीग्राम आणि त्याचं गिरगाव, अशी या नावाची फोड सांगतात. वाड्यांची नावं बघा. खेतवाडी, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. आज तिथे पार्किंगला जागा नाही, पण नावांत शेतं आणि बागा अजून शिल्लक आहेत.

आणि हे गाव कुणा एका जातीचं किंवा एका भाषेचं कधीच नव्हतं. कोळी-भंडारी होतेच. पाठारे प्रभू होते, गौड सारस्वत होते, कोकणातून आलेले ब्राह्मण होते, दैवज्ञ सोनार होते. भुलेश्वरकडे सरकलं की गुजराती भाटिये आणि वाणी. खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची लाकडी घरं. ती वाडी मूळची एका पाठारे प्रभू खोताची आणि जमिनीचे तुकडे विकत घेतले ख्रिस्ती शेजाऱ्यांनी. फणसवाडीत पारशांचं दादीशेठ आतश बेहराम आहे, १७८३ सालचं. म्हणजे नानांच्या जन्माच्या वीस वर्षं आधीपासून तिथे तो पवित्र अग्नी तेवतोय. त्याच परिसरात देवळांच्या घंटा, थोडं पुढे चर्चची घंटा, आणि जवळच मुसलमान वस्तीतल्या मशिदी. कानावर मराठीचे चार-पाच प्रकार, कोकणी, गुजराती, हिंदुस्थानी, थोडी पोर्तुगीज आणि साहेबाची इंग्रजी.

एवढ्या भाषांच्या गावात वाढलेला माणूस पुढे शाळेत कोणती भाषा असावी यावर काय भूमिका घेतो, हा माझ्या मते नानांच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. तिकडे येतेच.

नानांचं मूळ आडनाव मुरकुटे. घराणं दैवज्ञ, मूळ गाव ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड. जन्म १० फेब्रुवारी १८०३. त्याच महिन्यात मुंबईच्या फोर्टात मोठी आग लागली. किल्ल्यातली दाट वस्ती जळाली आणि त्यानंतर किल्ल्याबाहेरच्या भागात लोक जास्त संख्येने राहायला येऊ लागले. गिरगाव-भुलेश्वरची भरभराट नानांच्या वयाबरोबरच वाढत गेली, असं म्हणता येईल.

घर पैसेवालं होतं. वडील शंकरशेट मोठे व्यापारी. फोर्टातल्या गनबाव स्ट्रीटचं नाव याच घराण्यातल्या गणबाशेटवरून पडलेलं. नानांचं शिक्षण घरीच झालं, इंग्रजी शिकवायलाही मास्तर घरी येत. आता इथे जरा थांबा. ज्या माणसाला शिक्षक घरी बोलावणं परवडत होतं, त्याने स्वतः बहुधा कधी शाळेच्या बाकावर न बसता आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळांसाठी का घालवलं असेल? १८२२ मध्ये वडील गेले, तेव्हा नाना १९ वर्षांचे होते. एवढ्या कोवळ्या वयात पेढी, जमीनजुमला आणि घराण्याचं नाव असं सगळं अंगावर पडलं. दुसरा कोणी त्यातच गुरफटून गेला असता.

त्याच १८२२ साली मुंबईत एक संस्था निघाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता. एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढायच्या आणि पुस्तकं तयार करायची, हे तिचं काम. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, सदाशिव काशिनाथ छत्रे आणि नंतर बाळशास्त्री जांभेकर ही मंडळी तिच्या कामात होती. तरुण नाना तिचे आधारस्तंभ झाले.

आपण डी.एड. करताना शिक्षणाच्या इतिहासात हे सगळं वाचलं, परीक्षेत लिहिलं आणि सोडून दिलं. पण विचार करा, तेव्हा मराठीत छापील पाठ्यपुस्तकच नव्हतं. भूगोल कशातून शिकवायचा? भूमिती? मुलांना वाचायला गोष्टी कुठून आणायच्या? छत्र्यांची इसापनीती आणि बाळमित्र १८२८ साली आली. जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. गुजरातीतही अशीच पुस्तकं तयार झाली, कारण मुंबई इलाख्याला दोन्ही भाषा लागत. संस्थेने शिकवून तयार केलेले मास्तर १८२६ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले गेले. आपण त्यांचेच वारसदार, नाही का!

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून जास्त रुपये जमवले. पुतळा उभारून मोकळं होता आलं असतं. पण पैसा शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी ठेवायचं ठरलं आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. या खटपटीतही नाना होते.

आता येऊ १८४७ सालाकडे. या सालावर भाषणांत कोणी बोलत नाही.

१८४० मध्ये शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. सात सभासद. अध्यक्ष आणि तीन युरोपियन सरकारने नेमलेले, आणि तीन हिंदी. हे तिघे म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. फ्रामजींचं नाव धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी हॉलमुळे तुम्ही ऐकलेलं असेल. मकबा कोकणी मुसलमान समाजातले विद्वान, हिंदुस्थानीचे जाणकार.

बोर्डाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचं म्हणणं असं की शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. पेरींना आपण खलनायक करू नये, कारण त्यांच्या मुद्द्यांत वजन होतं. सरकार शिक्षणाला देत असलेला पैसा अगदी तुटपुंजा. मग तो थोड्या मुलांना उत्तम इंग्रजी शिक्षण देण्यावर खर्च करावा, ती मुलं पुढे ज्ञान खाली पोचवतील. शिवाय देशी भाषांत वरच्या शिक्षणाची पुस्तकं आहेत कुठे? आजही आपल्या पालकसभेत वेगळ्या शब्दांत हेच ऐकू येतं.

नानांनी याला लेखी विरोध केला. ते इंग्रजीचे शत्रू मुळीच नव्हते, हे नीट लक्षात घ्या. स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते, एल्फिन्स्टनची इंग्रजी शाळा उभी करण्यात त्यांचाच हात होता. ज्याला जमेल आणि लागेल त्याने इंग्रजी जरूर शिकावी, पण सगळ्या समाजापर्यंत ज्ञान पोचवायचं असेल तर ते त्याच्याच भाषेतून पोचेल, असा त्यांचा मुद्दा होता. परक्या भाषेवर प्रभुत्व मिळवण्यातच मुलाची वर्षं गेली तर विषय शिकायचा कधी? पुस्तकं नसतील तर ती करायला हवीत.

फ्रामजी आणि मकबा नानांच्या बाजूने उभे राहिले. मला यातली गंमत अशी वाटते की तिघांच्या घरात एक भाषा नव्हती. फ्रामजींच्या घरी गुजराती. ते मराठीसाठी का भांडले असतील? कारण भांडण एकट्या मराठीसाठी नव्हतंच. प्रत्येकाच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकता यावं, यासाठी होतं. अनेक भाषांच्या गावात शेजारी म्हणून राहिलेल्या माणसांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. युरोपियन सभासदांपैकी कर्नल जर्व्हिस या तिघांबरोबर आले. तेच जर्व्हिस, मराठीत गणित आणणारे.

मग जिंकलं कोण? स्पष्ट असं कोणीच नाही. प्रकरण सरकारपर्यंत गेलं आणि सरकारने असं उत्तर दिलं की दोन्ही बाजूंना ते आपल्याच बाजूचं वाटावं. पुढे १८५४ च्या वूडच्या खलित्यात खालचं शिक्षण देशी भाषांतून आणि वरचं इंग्रजीतून अशी वाटणी झाली. आपल्या प्राथमिक शाळा मराठीत राहिल्या त्यामागे नानांच्या भांडणाचाही वाटा आहे. पण वर जायचं तर इंग्रजीच, हा समज त्याच वाटणीतून पक्का झाला. आज गिरगाव, दादर, परळ, लालबागला मराठी शाळांच्या तुकड्या एकेक करून बंद होताना आपण बघतो, त्याची एक मुळी तिथपर्यंत जाते असं मला वाटतं. तुम्हाला पटलं नाही तर जरूर कळवा.

पालकांना मी दोष देत नाही. मुलाला नोकरी लागली पाहिजे ही काळजी खरी आहे. नानांनाही ती दिसत होती, नाहीतर त्यांनी इंग्रजीचे वर्ग काढले नसते. फक्त पाया कोणत्या भाषेत घालायचा याबद्दल ते ठाम होते. आज आपल्या एका वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू, भोजपुरी अशा घरांतली मुलं एकत्र बसतात. वर्गात काय बोलायचं आणि घरी काय बोलायचं हा प्रश्न त्या मुलांना रोज पडतो, आणि आपल्यालाही.

मुलींच्या शाळेची गोष्ट तर वर्गात सांगायलाच हवी. एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली होती. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड असे पुढे मोठे झालेले लोक त्यात होते. १८४९ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. सुरुवातीला ४४ पारशी मुली आणि २४ मराठी मुली. शिकवणारे बिनपगारी. दारोदार जाऊन वडिलांची मनधरणी करायची, काही ठिकाणी अपमान सोसायचा. अशा वेळी मराठी मुलींच्या शाळेसाठी गिरगावातली आपली जागा नानांनी दिली. आता कुणी म्हणेल, श्रीमंत माणूस, जागा दिली त्यात काय! पण मुली शिकल्या तर घरावर संकट येईल असं मानणाऱ्या त्या काळात, जातीत आणि शहरात मान असलेल्या शेटजीने आपल्याच आवारात मुलींची शाळा भरू देणं याचा अर्थ शेजारीपाजारी सगळ्यांना कळत होता. नानांच्या वाड्यात पाठवायचं तर मुलीला पाठवायला हरकत नाही, असा धीर त्यातून मिळाला असणार.

शाळेइतकीच मजा नाटकघराची. ग्रँट रोडला नानांच्या जमिनीवर १८४६ मध्ये नाट्यगृह उभं राहिलं. लोक त्याला शंकरशेटचं नाटकघर म्हणत. आधी तिथे इंग्रजी नाटकं व्हायची. मग १८५३ मध्ये सांगलीहून विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन आले आणि तिथे मराठी नाटक तिकीट लावून झालं. भाव्यांनी मुंबईत हिंदुस्थानीतूनही खेळ केला, कारण समोरचा प्रेक्षक सगळ्या जातींचा आणि भाषांचा होता. त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही त्या रंगमंचावर उतरली. म्हणजे मराठी नाटक, पारशी नाटक आणि साहेबांचं नाटक एकाच छपराखाली. पुढे मुंबईत नाटक आणि सिनेमा जो काही वाढला, त्याची पहिली रुजवण अशा जागांत झाली.

तरी हे गाव गोडीगुलाबीचं होतं असं चित्र मुलांसमोर रंगवू नका. १८५१ मध्ये एका गुजराती नियतकालिकात छापलेल्या चित्रावरून मुंबईत पारशी-मुसलमान दंगल उसळली होती. जातीजातींत पंक्तीवरून, मानापमानावरून वाद होतच. एकत्र राहणं तेव्हाही सोपं नव्हतं.

त्या दंगलीला वर्षही पुरतं झालं नव्हतं. २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सभा भरून बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. सन्माननीय अध्यक्ष सर जमशेटजी जिजीभाई, अध्यक्ष नाना, चिटणिसांत भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. दादाभाईही होते. हिंदू, पारशी, मुसलमान, पोर्तुगीज, यहुदी असे सगळे तिच्यात सामील. कंपनी सरकारचा कारभार कुठे चुकतो हे सांगणारा अर्ज त्यांनी थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे पाठवला. काँग्रेस जन्माला यायला अजून ३३ वर्षं होती. पुढे मतभेद झाले, काही धनिक बाजूला झाले आणि असोसिएशनचा जोर ओसरला. नाना मागे हटले नाहीत.

रेल्वेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत आगगाडी यावी म्हणून १८४० च्या दशकात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत जमशेटजी आणि नाना हे दोन हिंदी गृहस्थ होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी ३४ किलोमीटर धावली. त्या प्रवासात नानाही होते. मुंबई सेंट्रल स्टेशनला नानांचं नाव द्यावं ही मागणी यामुळेच.

त्यापेक्षा सोनापूरची हकिगत मुलांना जास्त भिडते, असा माझा अनुभव आहे. आज आपण ज्याला चंदनवाडी म्हणतो तो मरीन लाइन्सजवळचा भाग म्हणजे सोनापूर. तिथली हिंदूंची स्मशानभूमी लांब शिवडीला न्यायचं सरकारच्या मनात होतं. गिरगावहून शिवडी म्हणजे खांद्यावर तिरडी घेऊन किती चालायचं, याचा विचार करा. त्यात गरिबांचे हाल सगळ्यात जास्त. नानांनी लोकांची बाजू लावून धरली आणि स्मशान जागेवर राहिलं. तिथेच लागून मुसलमानांचं मोठं कबरस्तान आहे. साहेबांचं जुनं ख्रिस्ती दफनस्थानही याच सोनापुरात होतं. जिवंतपणी शेजारी असलेले तिथेही शेजारी.

१८५७ च्या उठावात मात्र नानांवर बालंट आलं. बंडवाल्यांशी त्यांचं संधान आहे असा संशय घेतला गेला, चौकशी झाली. आयुष्यभर सरकारदरबारी मानाने वावरलेला माणूस, मुंबईच्या पहिल्या हिंदी जस्टिस ऑफ द पीसपैकी एक, आणि त्याच्याच घरावर पोलिसांची नजर. आरोपात काही तथ्य निघालं नाही. नानांनी कडवटपणा धरला नाही, कामंही सोडली नाहीत. त्याच १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत संग्रहालय उभारण्याच्या खटपटीतही ते होते.

शेवटचे दिवस मुंबईसाठी वाईट होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरचं वेड सगळ्या शहराला लागलं होतं. युद्ध संपलं आणि जुलै १८६५ च्या सुरुवातीला फुगा फुटला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना गेले. वय ६२.

त्यांच्या नावाची एक शिष्यवृत्ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत माहीत होती. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. शंकरशेट स्कॉलर म्हटलं की त्या मुलाकडे लोक कौतुकाने बघत. १९१२ साली ती मिळवली चिंतामणराव देशमुखांनी, म्हणजे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते सी. डी. देशमुख. मायबोलीसाठी भांडलेल्या माणसाचं नाव संस्कृतच्या परीक्षेतून लक्षात राहावं, हे मला जरा विचित्र वाटतं. एखादं बक्षीस मराठीतून विज्ञान नीट समजावून सांगणाऱ्या चौथीच्या मुलालाही द्यायला हवं होतं त्यांच्या नावाने.

परिसर अभ्यासाच्या क्षेत्रभेटीसाठी एक सुचवते. ग्रँट रोडला नाना चौकात या. तिथे शंकरशेट कुटुंबाचं भवानीशंकराचं मंदिर आहे. तिथून खोताची वाडी, मग फणसवाडी. आतश बेहरामात पारशांशिवाय कुणाला प्रवेश नसतो, ते मुलांना आधीच सांगून ठेवा आणि बाहेरूनच दाखवा. मुलांना वाटेत दुकानांच्या पाट्यांवरच्या लिपी मोजायला लावा, मराठी, गुजराती, इंग्रजी, कुठे उर्दूही दिसते. पाय दुखायला लागले की बस पकडून फोर्टला टाउन हॉलमध्ये जा. एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीत नानांचा संगमरवरी पुतळा आहे. एल्फिन्स्टन आणि जमशेटजीही तिथेच आहेत. आत जायचं तर आधी परवानगीचं पत्र द्यावं लागेल, त्यामुळे निदान पंधरा दिवस आधी तयारी करा.